न बोलणारी खुर्ची

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुपारी पुतण्या आमच्याकडे फराळाला आला होता. मुलगा पंचविशीचा, इंजिनियर. नुकतीच दुसरी नोकरी धरलेली. चकली मोडता मोडता त्याने खिशातून मोबाइल काढला, नव्या कचेरीतला पगाराचा तपशील माझ्यापुढे धरला आणि म्हणाला,

"काका, एवढे एक सांगा. आयकर वेगळा कापतात, प्रॉव्हिडंट फंड वेगळा कापतात. मग हा प्रोफेशनल टॅक्स म्हणून दरमहा दोनशे रुपये जातात ते कशाचे?"

स्वयंपाकघरातून त्याच्या काकूने परस्पर उत्तर दिले, "तुझ्या काकांचे इतकी वर्षे कापताहेत, त्यांनी तरी कधी विचारलेय?"

बाण वर्मी लागला. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेला मी. शब्दाचा उगम विचारला तर संस्कृत-प्राकृतापर्यंत मागे जाईन, पण माझ्याच पगारातून जाणाऱ्या दोनशे रुपयांचा उगम मला सांगता येईना! फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे जातात आणि वर्षाचे अडीच हजार होतात, एवढेच काय ते ठाऊक. पाहुणे गेल्यावर पुस्तके काढून बसलो. उगम शोधता शोधता जिथे जाऊन पोहोचलो ती जागा मोठी नवलाची निघाली. ती होती आपल्या विधान परिषदेच्या सभापतींची खुर्ची.

वाचकहो, या खुर्चीची आपल्यापैकी कितीजणांना ओळख आहे? विधानसभा म्हटली की आमदार, मुख्यमंत्री, गदारोळ सारे डोळ्यांपुढे उभे राहते. विधान परिषद म्हटली की आपण जरा चाचरतो. शब्दांचा घोटाळाही त्याला कारण असेल. विधानसभेचे ते 'अध्यक्ष' नि विधान परिषदेचे ते 'सभापती'. शिवाय पंचायत समितीलाही सभापती आणि बाजार समितीलाही सभापती. वर्गात विचारावे तर चांगली पदवीधर होऊ घातलेली मुले बुचकळ्यात पडतात.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सभासद असतात. ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांतून आलेले, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. हे सभागृह कधीच बरखास्त होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश मंडळी निवृत्त होतात. नदी तीच, पाणी तेवढे बदलते, म्हणा ना. आज देशात अवघ्या सहा राज्यांत असे वरिष्ठ सभागृह आहे. पश्चिम बंगालने १९६९ साली, पंजाबने १९७० साली आणि तमिळनाडूने १९८६ साली आपापली परिषद मोडीत काढली. आंध्रने तर १९८५ साली मोडली आणि २००७ साली पुन्हा मांडली!

या ७८ जणांतून एकाला सभासद सभापती म्हणून निवडतात, आणि त्या क्षणापासून त्याच्या तोंडाला जणू कुलूप लागते. इतरांना बोलू द्यायचे, पण आपण वादात पडायचे नाही. मतदानात दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच मत द्यायचे, एरवी नाही. ते उभे राहिले की सभासदांनी खाली बसायचे, हा सभागृहाचा शिरस्ता. निदान दहाजण हजर नसतील तर त्यांनी काम थांबवायचे. सभासदाने पक्षांतर केले असा आक्षेप आला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली निवाडाही त्यांनीच करायचा. म्हणजे आयुष्यभर एका पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या माणसाने खुर्चीवर बसताच तो दाराबाहेर ठेवायचा. हे म्हणायला सोपे. घरात दोन मुलांचे भांडण सोडवताना आपले माप किती सरळ राहते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे!

अशा या खुर्चीवर १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, वि. स. पागे येऊन बसले आणि पुढे १९७८ पर्यंत बसले. अठरा वर्षे! तेव्हा विधिमंडळ नरिमन पॉइंटला नव्हते. ते भवन पुढे १९८१ सालचे. पागे यांची कारकीर्द गेली ती मुंबईच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये. एके काळी खलाशांच्या मुक्कामासाठी बांधलेली ती दगडी वास्तू. आज तिथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आहे.

सभागृहात ज्याने बोलायचे नाही, त्या पागे यांच्या मनात मात्र एक गोष्ट सतत बोलत होती. खेड्यातल्या धडधाकट माणसाला काम हवे असते आणि ते मिळत नाही. पाऊस चुकला की शेत रिकामे, शेत रिकामे की हात रिकामे, आणि हात रिकामे की चूल थंड. दुष्काळ पडला म्हणजे सरकार दुष्काळी कामे काढी, ती दया म्हणून. दुष्काळ सरला की कामेही सरत. पागे यांचा विचार याच्या एक पाऊल पुढचा होता. काम ही भीक नसावी, मागणाऱ्याचा तो हक्क असावा. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, त्याचा लहानसा प्रयोग झाला. वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते. पुढे १९७२ चा तो भयंकर दुष्काळ आला. आमच्या आधीच्या पिढीला सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवतात, तो हा दुष्काळ. त्याच साली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली.

आता प्रश्न आला पैशाचा. खेड्यातल्या मजुराला हक्काचे काम द्यायचे तर मजुरी कुठून आणायची? उत्तर निघाले, ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याच्याकडून. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला तो या योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. शहरातल्या नोकरदाराने, वकिलाने, डॉक्टरने थोडे द्यायचे. अशा करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. पुतण्याच्या दोनशे रुपयांचा उगम तो हाच!

रोजगार हमीचा कायदा १९७७ सालचा. तो २६ जानेवारी १९७९ पासून, प्रजासत्ताकदिनाचा मुहूर्त धरून, अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचे. न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा. काम मिळाले नाही तर सरकारलाच दंड, ही कल्पना त्या काळी किती धीट असेल! बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते यांवर हजारो हात लागले, आणि त्यांत बायकांचे हात फार होते. २००५ साली संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभवच वाटाड्या ठरला. या योजनेत पुढे गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर खोटी नावे चढली, तक्रारी झाल्या, हेही खरे. पण म्हणून मूळ विचाराची किंमत कमी होत नाही.

मला कुतूहल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. सत्ता हाती नसलेल्या, सभागृहात भाषणही न करणाऱ्या माणसाचा विचार सरकारने ऐकला कसा, आणि विरोधी पक्षांनीही उचलून धरला कसा? मला वाटते, त्याचे मर्म त्या मौनातच आहे. अठरा वर्षे जो कोणाची बाजू घेत नाही, तो कधी काही मागू लागला तर ते स्वतःसाठी नाही, एवढा विश्वास समोरच्याला बसतो. बोलणाऱ्याचे भाषण एक दिवस गाजते. न बोलणाऱ्याची पुण्याई वर्षानुवर्षे साठत जाते.

पागे यांच्यानंतरही या खुर्चीला मोठी माणसे लाभली. रा. सू. गवई, लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक, आमच्याच पेशातले प्रा. ना. स. फरांदे. पण खुर्ची नाजूक आहे, हेही अलीकडच्या काळाने दाखवले. २०१५ च्या मार्चमध्ये शिवाजीराव देशमुख यांना अविश्वासाच्या ठरावाने ती सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेले रामराजे नाईक-निंबाळकर २०२२ साली परिषदेवर पुन्हा निवडून आले, तरी जुन्या सभासदत्वाची मुदत जुलैत संपताच सभापतिपद गेले. घटनेचा नियमच तसा. विधानसभा विसर्जित झाली तरी तिचे अध्यक्ष नव्या सभेच्या पहिल्या बैठकीपर्यंत पदावर राहतात. परिषदेच्या सभापतींचे सभासदत्व संपले की पदही संपले. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे ती खुर्ची रिकामीच होती. उपसभापती नीलम गोऱ्हे काम पाहत होत्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या अधिवेशनात, राम शिंदे यांची बिनविरोध निवड झाली. अडीच वर्षे घरात वडीलधारे माणूस नसावे आणि शेजाऱ्यांनाही ते जाणवू नये, तसे आपले झाले. कितीजणांच्या ते ध्यानात आले?

दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू? मी पदवीधर, शिवाय शिक्षक. या सभागृहासाठी मला दोन्ही मतदारसंघांत मत. पण एकदा मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेलो तर यादीत नावच नाही! चूक सर्वस्वी माझी. या मतदारसंघांच्या याद्या दर निवडणुकीला नव्याने तयार होतात. मागचे नाव पुढे चालत नाही. प्रत्येक वेळी नवा अर्ज भरावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हते. मुकाट्याने घरी परतलो. सौभाग्यवतींनी विचारले, "झाले मतदान?" मी म्हटले, "चहा टाक."

पुतण्याला मी हे सारे दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. थोडा वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे माझे दोनशे रुपये कुठल्यातरी पाझर तलावात गेले म्हणायचे." म्हटले, "तुझे नसतील, पण तुझ्या आजोबांचे नक्की गेले असतील. आणि तुला पदवी मिळून तीन वर्षे झाली ना? मग पुढच्या वेळी अर्ज भर."

"कितव्या नंबरचा फॉर्म, काका?"

"अठरा," मी म्हटले. "पागे जितकी वर्षे बसले तितकाच. विसरायचा नाहीस."