मिरचीला तिखटपणा कोण देतं?

आपलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पण एकाच वावरातली मिरची एका तोडणीला बेताची, तर दुसऱ्या तोडणीला जहाल का लागते?

मिरचीत कॅप्सेसिन नावाचं अल्कलॉइड असतं. तेच तिखट लागतं. ते बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत होतं. बियांना ते नुसतं लागतं.

किती तिखट, हे आधी वाण ठरवतं. ढोबळी मिरचीत कॅप्सेसिन बनवणारा गुणच बंद असतो. तिला कितीही ऊन लागलं तरी ती गोडच. दुसरं फळाचं वय. फूल उमलल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तिखटपणा भरू लागतो, म्हणून कोवळी मिरची बेताची लागते. तिसरं ऊन-पाणी. पाण्याचा ताण बसला, की बऱ्याच वाणांत तिखटपणा वाढतो. पण ताणानं फुलं गळतात, माल घटतो. तेव्हा तिखटासाठी झाड सुकवू नका, वाण पारखून लावा.

कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. तोडणीनंतर हाताची आग झाली, तर आधी गोडेतेल चोळा, मग साबणानं धुवा. त्याआधी डोळ्यांना हात लावू नका, लेकराला घेऊ नका. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं. आणि लेकरांच्या भाजीत मिरची घालताना पांढरी शीर काढून टाका.