वाळूज औद्योगिक वसाहतीतील कामगार निवड

वाळूज औद्योगिक वसाहतीतील कामगार निवड म्हणजे छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस असलेल्या वाळूज येथील कारखान्यांत उमेदवारांची पारख करून त्यांना कामावर घेण्याची पद्धत होय. येथील बहुसंख्य नोकऱ्या अभियांत्रिकी व वाहन उद्योगाशी निगडित आहेत. त्यामुळे तोंडी मुलाखतीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व प्रत्यक्ष कामाच्या चाचणीला आणि शिकाऊ काळातील वर्तनाला दिले जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. महामंडळाने विकसित केलेल्या वाळूज वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधाराने सुटे भाग पुरवणारे अनेक लहानमोठे उद्योग येथे वाढले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्याही वाळूजच्याच. कारखान्यांलगत उभी राहिलेली बजाजनगर ही वस्ती आणि रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही गावे कामगारांच्या निवासाची प्रमुख ठिकाणे बनली. मराठवाड्याच्या अन्य जिल्ह्यांतून नोकरीसाठी येणारे अनेक तरुण प्रथम याच भागात खोली घेऊन राहतात.

प्रवेशाचे मार्ग

कारखान्यात प्रवेश मिळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत : शिकाऊ उमेदवारी, कंपनीतील थेट भरती आणि कंत्राटदारामार्फत मिळणारे काम.

शिकाऊ उमेदवारीला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ लागू आहे. २०१९ मधील नियमबदलानुसार ३० वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नव्हे, तर प्रशिक्षणार्थी मानला जातो. त्याला विद्यावेतन मिळते, मात्र मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन सर्वसाधारणपणे मालकावर नसते. तरीही हा काळ दोन्ही बाजूंसाठी प्रदीर्घ मुलाखतीसारखा ठरतो.

कंत्राटी कामात नियुक्ती करणारा कंत्राटदार आणि जेथे काम चालते ती कंपनी या दोन वेगळ्या संस्था असतात. त्यामुळे नियुक्तीपत्रावर कोणाचे नाव आहे, हे उमेदवाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य नियोक्त्यावर येते.

निवडीचे निकष

कौशल्य : फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या व्यवसायांतील आयटीआय प्रमाणपत्र ही पहिली पायरी असते. पुढे उमेदवाराच्या हाती ड्रॉइंग, व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटर देऊन एखादे माप घ्यायला सांगितले जाते. ०.०२ मिलिमीटर लघुत्तम माप असलेल्या व्हर्नियरवर अचूक वाचन करता न येणे ही उणीव काही क्षणांत उघड होते. गुणपत्रिकेवरून ती कळत नाही.

प्रामाणिकपणा व दर्जाची जाणीव : ‘तयार भागात दोष आढळल्यास काय कराल?’ हा मुलाखतीतील नेहमीचा प्रश्न आहे. दोष लपवून भाग पुढे पाठवल्यास त्यासोबतचा संपूर्ण लॉट परत येऊ शकतो. म्हणून यंत्र थांबवून, सदोष भाग वेगळा ठेवून पर्यवेक्षकाला कळवणे हे उत्तर अपेक्षित असते. आपली चूक कबूल करणारा उमेदवार सर्वच प्रश्नांना ‘येते’ म्हणणाऱ्यापेक्षा विश्वासार्ह मानला जातो.

नियमितता : उत्पादन साखळीतील एक जागा रिकामी राहिली तर पुढील काम खोळंबते. त्यामुळे पाळ्यांमध्ये काम करण्याची तयारी, राहण्याचे ठिकाण आणि आधीची नोकरी सोडण्याचे कारण विचारले जाते. भविष्य निर्वाह निधीच्या सार्वत्रिक खाते क्रमांकावरून पूर्वीच्या नोकऱ्यांचा कालावधी पडताळता येतो. त्यामुळे अनुभव वाढवून सांगणे उमेदवाराच्या अंगलट येऊ शकते.

सुरक्षितता व आरोग्य : सुरक्षा साधनांचा वापर, दृष्टी आणि कामाच्या स्वरूपानुसार रंग ओळखण्याची क्षमता तपासली जाते.

मुलाखतीची विश्वसनीयता

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांतील संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. निवडीच्या वेळचे मूल्यमापन आणि नंतरची कामगिरी यांचा सहसंबंध (१ म्हणजे संपूर्ण मेळ) प्रत्यक्ष कामाच्या नमुना चाचणीत ०.५४, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीत ०.५१, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीत ०.३८, तर केवळ शिक्षणाच्या वर्षांबाबत ०.१० असल्याचे त्यांनी मांडले. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे आकडे फुगलेले असल्याचे दाखवले. त्यांच्या मांडणीत ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ सह अग्रस्थानी, कामाची नमुना चाचणी ०.३३ वर, तर मोकळी मुलाखत ०.१९ वर आहे. दोन्ही अभ्यासांत मोकळी मुलाखत मागेच राहते. प्रश्न ठरलेले नसतील तर बोलण्याची सफाई, पेहराव किंवा गावची ओळख यांचा प्रभाव वाढतो. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून, आधी ठरवलेल्या कसोट्यांवर गुण दिल्यास हा प्रभाव कमी होतो. शहरी बोलीला न सरावलेल्या ग्रामीण उमेदवाराला अशी पद्धत अधिक न्याय देते.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र शासनाच्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर किमान ८० टक्के स्थानिक व्यक्ती घेणे अपेक्षित आहे. येथे स्थानिक म्हणजे राज्याचा १५ वर्षांचा रहिवासी. त्यामुळे अधिवास प्रमाणपत्राची मागणी होऊ शकते. भरती करताना लिंगावरून भेदभाव करण्यास समान वेतन अधिनियम, १९७६ने मनाई केली होती. वेतन संहिता, २०१९मध्येही ती कायम आहे.

हे देखील पहा

बजाजनगर
शिकाऊ उमेदवारी
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ