फोनला ऐकू येतं ते

सांगलीहून आलेल्या शिक्षिका फोन ओठांजवळ धरतात, जपानी कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट टेकवतात आणि म्हणतात, “बीरु.” पडद्यावर दोन अक्षरं उमटतात. त्या पुन्हा म्हणतात. पुन्हा तीच दोन अक्षरं. बीरु म्हणजे बिअर. कताकाना लिपीत तो शब्द लिहिताना दोन अक्षरांच्या मधे एक आडवी रेघ येते, ‘बी’ लांबवल्याची खूण म्हणून. इथे रेघ नाही. फोनने ‘बिरु’ लिहिलंय. बिरु म्हणजे इमारत.

“मी लांबवतेच आहे की हो,” त्या कळवळून म्हणतात.

“लांबवताय, पण मराठीला पुरेल इतकंच,” प्रशिक्षिका त्यांच्या बाकाजवळ येतात. “टाळ्या वाजवा. बी, इ, रु. तीन टाळ्या, तिन्ही सारख्या अंतराने.”

त्या टाळ्या वाजवतात. आधी नुसत्याच, मग शब्द म्हणत. टाळ्या थांबतात, फोन पुन्हा ओठांजवळ येतो आणि या वेळी रेघ उमटते. शेजारच्या दोघी-तिघी मान पुढे करून पडदा बघतात आणि लगेच आपापले फोन काढतात.

पुण्याच्या पेठेतल्या एका जपानी क्लासची ही दुसऱ्या मजल्यावरची खोली. रविवार आहे. सांगली, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा गावांतून आलेले जपानीचे शिक्षक बाकांवर बसलेत. वयं पंचविशीपासून साठीपर्यंत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला ‘सेन्सेई’ म्हणतो. फळ्यावर विषय लिहिलाय: ‘उच्चाराचा सराव आणि मोबाइल’. मी मागच्या बाकावर वही घेऊन बसलोय. शिक्षकांच्या तंत्रज्ञान-प्रशिक्षणाला मी याआधीही गेलोय. तिथे बहुतेक वेळ कुठलं बटण दाबल्यावर काय उघडतं, हे दाखवण्यात जातो. इथे सकाळपासून एकाही बटणाबद्दल कोणी बोललेलं नाही.

प्रशिक्षिका फळ्यावर ‘पाणी’, ‘कवी’, ‘वस्तू’ असे साधे मराठी शब्द लिहितात. शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो, पण बोलताना तो किती लांबतो याकडे कोणाचं लक्ष असतं? लांबला काय, आखडला काय, अर्थ बदलत नाही. म्हणून मराठी कान ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सैल राहतो. जपानीत मात्र एवढ्याशा फरकाने मावशीची आजी होते: ‘ओबासान’ आणि ‘ओबाऽसान’. उलट, इंग्रजी बोलणाऱ्यांना जिथे घाम फुटतो तिथे मराठी माणूस सहज चालतो. जपानी ‘त्सु’ आपल्याला अवघड नाही, कारण ‘चमचा’तला पहिला च आपल्या जिभेवर असतोच. ‘कित्ते’मधला जोड त आपण ‘पत्ता’ म्हणताना रोज उच्चारतो. आणि कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद हा क्रम तर घरचाच. उच्चार शिकवणाऱ्या बऱ्याच ॲप्सचा रोख इंग्रजी बोलणाऱ्याच्या चुकांवर असतो, त्यामुळे मराठी मूल जे आधीच येतं तेच घोकत बसतं आणि जे येत नाही ते तसंच राहतं. ते ओळखायला हा वर्ग आहे, असं त्या म्हणतात.

मग त्या स्वतःचा फोन प्रोजेक्टरला जोडतात. आधी मुद्दाम ऱ्हस्व ‘बिरु’ म्हणतात. पडद्यावर इमारत. “आता बघा,” म्हणत तोच ऱ्हस्व शब्द वाक्यात घालतात: “बिरु ओ नोमिमास.” शब्दशः, इमारत पिते. पडद्यावर येतं: बिअर पिते. रेघेसकट.

खोलीत एकदम गलका होतो. नाशिकचा तरुण शिक्षक उठून उभा राहतो. “सेन्सेई, पण तुम्ही चूक म्हणालात!”

“मी चूकच म्हणाले. त्याने दुरुस्त केलं.”

कारण त्या सोप्या करून सांगतात. आवाजाचं लिखाणात रूपांतर करणारी यंत्रणा नुसता ध्वनी ऐकत नाही. आजूबाजूचे शब्द पाहून इथे कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त, हेही ती ठरवते. ‘पिते’च्या आधी इमारत येणं जवळपास अशक्य, म्हणून ती बिअर लिहून मोकळी होते. ज्याला व्हॉट्सॲपवर निरोप धाडायचाय, त्याच्यासाठी ही सोयच. शिकणाऱ्याची मात्र चूक झाकली जाते. सुटा शब्द दिला की हाच फोन कडक परीक्षक होतो, आणि वाक्य दिलं की लाड करणारा मामा. सकाळभरात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. विद्यार्थ्याच्या हातात फोन द्यायचा की नाही, हा वाद आता संपलाय. फोनला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे शिक्षकाला माहीत आहे का, हा खरा प्रश्न आहे.

सूर तर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘हाशि’चा पहिला स्वर चढा ठेवला तर जेवायच्या काड्या, पहिला खाली ठेवून दुसरा चढवला तर पूल. कोल्हापूरचे एक शिक्षक दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहतात. फोन दोन्ही वेळा पूलच लिहितो. त्यासाठी प्रशिक्षिका दोन वेगळ्या वाटा दाखवतात. एक टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेला ‘ओजाद’ हा मोफत ऑनलाइन स्वराघातकोश. त्यात वाक्य टाकलं की आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो याची रेषा वर काढून मिळते. दुसरी ‘प्रात’ ही ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली प्रणाली, तीही मोफत. ती आपल्याच आवाजाचा आलेख काढते. कोल्हापूरचे शिक्षक लॅपटॉपवर ‘हाशि’ रेकॉर्ड करतात. पडद्यावर निळी रेघ सपाट धावते. ते पाच-सहा वेळा म्हणतात. सातव्या वेळी रेघ सुरुवातीला उंच उठून खाली येते, आणि हा गृहस्थ स्वतःच टाळी वाजवतो. कानाला जे पटत नव्हतं ते डोळ्यांनी पटवलं.

चहाच्या सुट्टीत मी सगळ्यात ज्येष्ठ शिक्षिकेशेजारी बसतो. त्यांनी कॅसेटवर शिकवायला सुरुवात केली होती. टेप मागे नेण्यात निम्मा तास जायचा, विद्यार्थी एकच वाक्य वीसदा ऐकायचे आणि त्यामुळे ते पक्कं व्हायचं, असं त्या सांगतात. आता त्यांचे विद्यार्थी ‘अंकी’वर शब्द पाठ करतात. विसरायच्या बेताला आलेला शब्द नेमका पुन्हा समोर आणणारी ही प्रणाली डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन माणसाने २००६ साली प्रसिद्ध केली, आणि ती मुळात स्वतःचं जपानी सुधारण्यासाठी लिहिली होती. बाईंना ती आवडते. पण त्यातली शब्दांची कार्डं विद्यार्थ्याने स्वतः बनवावीत, आयती उतरवून घेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह आहे. “लिहिताना हात शिकतो,” त्या म्हणतात, आणि बिस्किट चहात बुडवतात.

संभाजीनगरचे शिक्षक गाडीवाटची आठवण काढतात. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेने मुलांना परकी भाषा निवडायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी रोबॉटच्या ओढीने जपानी निवडली. गावात शिकवणारं कोणी नव्हतं. मुलं इंटरनेटवरून शिकू लागली आणि पुढे एका जाणकाराने विनामूल्य ऑनलाइन तास घेतले. हे २०२० च्या टाळेबंदीच्या सुमाराचं. आवड होती, जाळं होतं, पण वाट फुटली ती ऐकणारा माणूस पलीकडे आला तेव्हा, असं ते म्हणतात.

अशी माणसं कमी आहेत, हे दोन्ही सरकारांनाही ठाऊक आहे. २०१७ च्या सप्टेंबरात भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत एक हजार जपानी शिक्षक तयार करण्याचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत त्यासाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यानंतर गरज वाढतच गेली. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा हे त्यातलं एक मोठं क्षेत्र. त्यासाठी भाषेच्या ज्या परीक्षा चालतात त्यांपैकी एक, जेएफटी-बेसिक, पूर्णपणे संगणकावर होते: ६० मिनिटं, साधारण ५० प्रश्न, २५० पैकी २०० गुण हवेत. नाशिकचा शिक्षक सांगतो की त्याच्या वर्गातल्या मुली फोनवर सराईत आहेत, पण माउस आयुष्यात पहिल्यांदा धरतात. त्याने क्लासमध्ये एक जुना संगणक नुसता माउसच्या सरावासाठी ठेवलाय.

चहानंतर तोच आपला एक नमुना दाखवतो. शुश्रूषा-केंद्रातला, एन-४ या प्राथमिक पातळीचा संवाद त्याने एआयकडून लिहून घेतलाय. वाचायला सुरेख. प्रशिक्षिका तो ‘रीडिंग चूता’ या जपानी संकेतस्थळावर टाकतात. तिथे शब्दांच्या पातळ्या वेगवेगळ्या होऊन दिसतात. पातळीच्या वरचे पाच-सहा शब्द लगेच पकडले जातात. तो ते बदलायला घेतो, एवढ्यात ज्येष्ठ बाई हात वर करतात.

“ही मुलगी आजींना ‘ताबेताइ देस का’ विचारते आहे.”

व्याकरण बिनचूक. शब्द सोपे. पण मोठ्या माणसाला ‘तुम्हाला खायची इच्छा आहे का’ असं थेट विचारणं जपानीत उद्धटपणाचं वाटतं. तिथे ‘मेशिआगारिमास का’ हवं. पातळी तपासणाऱ्या संकेतस्थळाच्या दृष्टीने पहिलं वाक्य जास्त योग्य, कारण ते सोपं आहे. नाशिकचा तरुण वाक्य खोडतो आणि बाईंना विचारून बाकीचा संवाद ओळीने तपासून घेतो. त्या प्रत्येक ओळीला थांबतात.

दुपारी प्रत्यक्ष पाठ. सांगलीच्या शिक्षिका लॅपटॉपसमोर बसतात. झूमवर त्यांच्याच वर्गातल्या मुली आहेत, शुश्रूषेच्या कामासाठी जपानला जायची तयारी करणाऱ्या. कोणी स्वयंपाकघरात, कोणी गच्चीवर. एकीच्या मागे शिवणयंत्र चालू आहे. शिक्षिका सगळ्यांना एकदम म्हणायला सांगतात आणि आवाजांचा नुसता चिखल होतो. प्रत्येकीचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि झूम एकीला पुढे करून बाकीच्यांना दाबतं. मागून प्रशिक्षिका चिठ्ठी सरकवतात. सगळ्यांचे माइक बंद होतात. मुली आपापल्या घरी मोठ्याने म्हणतात, ओठ हलताना दिसतात, मग एकेकीचा माइक उघडतो. दुसरी चिठ्ठी: ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नको असलेला आवाज गाळताना झूम कधीकधी ‘देस’मधला हलका शेवटचा स हीच खरखर समजून गाळून टाकतं. मुलीने म्हटलेलं असतं, पोचलेलं नसतं.

आता मुली वाक्य बोलून चॅटमध्ये उतरवतात. वाक्य असं: डोकं दुखतंय म्हणून हॉस्पिटलात जाते. गच्चीवरची मुलगी बोलते. चॅटमध्ये हॉस्पिटलची कांजी अक्षरं स्वच्छ उमटतात. “बरोबर!” दुसरी एक मुलगी ओरडते.

“थांब,” सांगलीच्या शिक्षिका म्हणतात. “फक्त तो एकच शब्द म्हण गं. हॉस्पिटल. आणि तोच टाइप होऊ दे.”

मुलगी म्हणते. चॅटमध्ये वेगळीच अक्षरं येतात: ‘बियोऽइन’. ब्यूटी पार्लर. हॉस्पिटल म्हणजे ‘ब्योऽइन’. ब आणि य जोडून एका ठोक्यात घ्यायचे, तिने दोन ठोक्यांत सोडवले होते. वाक्यात डोकेदुखी होती म्हणून फोनने सांभाळून घेतलं. मुलगी पडद्याकडे बघत राहते.

“माझ्या कानाला आधी कळलं होतं,” शिक्षिका मागे वळून प्रशिक्षिकेला सांगतात. आवाजात लपवता न येणारा आनंद आहे. मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. “टाळ्या काढ. ब्यो, ओ, इ, न. चारच. बियो म्हणालीस की पाच होतात.”

गच्चीवर टाळ्या सुरू होतात. खोलीतले सगळे शिक्षक वह्यांमध्ये काहीतरी लिहितायत.

पाठ संपल्यावर प्रशिक्षिका महिन्याभराचं काम देतात. प्रत्येकाने आपल्या विद्यार्थ्याचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. आधी स्वतः ऐकून चुका कागदावर लिहायच्या. नंतर तेच फोनला ऐकवायचं आणि त्याने काय लिहिलं ते दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद पाठवायचे, जुळले नाहीत तरी. रेकॉर्डिंगला विद्यार्थ्याची आधी परवानगी घ्यायची, आणि ते वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं नाही, हे त्या दोनदा सांगतात.

“कानाचा कागद फोनच्या कागदानंतर बदलला तर चालेल का?” कोल्हापूरचे शिक्षक विचारतात.

“खोडू नका. खाली दुसऱ्या शाईने लिहा.”

सांगलीच्या शिक्षिकेचा लॅपटॉप अजून चालू आहे. शिवणयंत्रवाल्या मुलीची पाळी राहिलेली असते, आणि ती माइक उघडून विचारते, “सेन्सेई, मी म्हणू?”