जपणं

आमच्या पारोळ्याकडच्या अहिराणीत ‘जपणं’ म्हणजे झोपणं. पुस्तकी मराठीत तोच शब्द सांभाळण्याचा. आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडून घेऊन, धुळ्याहून किंवा नाशिकहून परतलेल्या सुनेपुरते मात्र दोन्ही अर्थ एक झाले: जपायचं तर पडूनच राहायचं. गाडी हळू चालव, खड्डा चुकव, जिना चढू नको.

हललं तर गर्भ गळून पडेल, ही भीती अडाण्यांची नव्हे, दवाखान्यातूनच घरी आलेली. १९७८ साली इंग्लंडात आयव्हीएफमधून जगातली पहिली मुलगी, लुईस ब्राऊन, जन्मली; त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांतून हर्षा चावडा. त्या काळात यश इतकं दुर्मीळ, की गर्भ सोडल्यावर बाईला तासन्‌तास निजवून ठेवत. पुरावा नव्हता, पण पडून राहिल्यानं बिघडतंय काय, असा हिशेब.

तो हिशेब पुढे चुकला. २०१३ साली स्पेनमध्ये दात्या स्त्रीच्या बीजांवर उपचार घेणाऱ्या २४० जणींचा अभ्यास झाला. दहा मिनिटं पडून राहिलेल्यांत ४१.६ टक्के जणींना मूल झालं, लगेच उठलेल्यांत ५६.७. एका अभ्यासावरून विश्रांतीला घातक म्हणू नये, पण फायदा कुठेच सापडेना. २०१७ साली अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेनं गर्भ सोडल्यावर झोपवून ठेवू नका, असं स्पष्टच सांगितलं. आययूआयबद्दल, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराबद्दल, मात्र गोंधळ झाला: २००९ च्या डच अभ्यासात पंधरा मिनिटं पडून राहण्याचा फायदा दिसला, २०१७ च्या दुसऱ्या डच अभ्यासात तो दिसलाच नाही.

गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नव्हे; त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. कळण्याच्या दोन भाकरींमध्ये ठेच्याचा ठिपका लावला, तर डबा हलला म्हणून तो गळून पडत नाही.

तरी खाट सुटत नाही. कपाशीच्या शेतातून सुनेला सुटी मिळायला तेवढंच एक निमित्त, हेही खरं. ती सुटी तिला जरूर द्या. पण रिपोर्ट निगेटिव्ह आला की ‘उठली असेल’ म्हणून बोट तिच्याकडेच वळतं, आणि ती स्वतःही तेच मानते. बीज, वय, पुरुषाचे शुक्राणू यांचा विषयच निघत नाही.

तेव्हा ताई, औषधं वेळेवर घे. पोट फुगून दम लागला किंवा जास्त रक्त गेलं, तर लगेच डॉक्टर गाठ. एरवी गावातल्या बालाजीच्या दर्शनाला चालत जायचं असेल, तर खुशाल जा.