गिनीपिगच्या पिंजऱ्यातील गादी : निवड कोरडेपणावरून व्हावी, सुगंधावरून नव्हे

शेळ्या, कोंबड्या आणि ससे यांविषयी सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याला अलीकडे एक वेगळाच प्रश्न विचारला जातो : मुलांसाठी घरी गिनीपिग आणले आहे, त्याच्या पिंजऱ्यात काय पसरावे? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु हा प्राणी चोवीस तास त्या गादीवरच वावरतो, तिच्यावर झोपतो, तिच्यातील काड्या कुरतडतो आणि त्याचे नाक तिच्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर असते. गादी चुकली, तर त्वचा, तळपाय आणि श्वसनमार्ग या तिन्हींना एकाच वेळी धोका पोहोचतो.

प्राण्याची गरज

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत माणसाळलेला तृणभक्षी प्राणी. त्याच्या तळपायांवर केस नसतात. ओल्या किंवा टोकदार पृष्ठभागावर सतत उभे राहिल्यास तळव्यांना सूज येते आणि पुढे जखमा होतात. शरीराच्या मानाने तो मूत्र भरपूर करतो. मूत्रातील युरियाचे जिवाणूंमार्फत विघटन होऊन अमोनिया तयार होतो व तो गादीच्या पातळीवर सर्वाधिक दाटतो. म्हणून चांगल्या गादीच्या अटी चार : ती ओलावा शोषणारी, धूळरहित, मऊ आणि खाल्ली गेली तरी अपाय न करणारी असावी.

वाळवी ज्या लाकडाला टाळते

बाजारातील पुष्कळ गाद्या सुगंधाच्या जोरावर विकल्या जातात. देवदार किंवा चीड यांच्या भुशाचा वास प्रसन्न असतो आणि त्यामुळे किडी दूर राहतात, असेही सांगितले जाते. यात तथ्य आहे. पण नेमका तोच सावधगिरीचा मुद्दा आहे. लाकडातील जी बाष्पनशील द्रव्ये कीटकांना नकोशी होतात, ती बंदिस्त पिंजऱ्यातील लहान सस्तन प्राण्याच्या शरीरातही जातात. देवदारवर्गीय व पाइनवर्गीय मऊ लाकडाच्या गादीवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील, औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांची क्रियाशीलता वाढते, असे एलियट व्हेसेल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून प्रयोगशाळांत गादीची निवड हा गांभीर्याचा विषय झाला.

हाच विचार सागवानालाही लागू पडतो. सागाला वाळवी सहसा लागत नाही, ती त्यातील क्विनोन वर्गातील द्रव्यांमुळे. सागाच्या भुशाने सुतारांच्या हातांना पुरळ उठते, तेही अशाच द्रव्यांमुळे. म्हणून एक साधा नियम ध्यानात ठेवावा : ज्या लाकडाला कीड टाळते, ते गादीसाठी आपणही टाळावे. प्लायवूडचा भुसा तर वर्ज्यच समजावा, कारण त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक असतो. वाळवीनाशक लावलेल्या लाकडाचा भुसाही वापरू नये.

शेतीतून मिळणारे पर्याय

*भाताचे तूस :* कुक्कुटपालनात ते सर्रास वापरले जाते. मात्र तुसाचा सुमारे एक-पंचमांश भाग राखेचा असतो व त्या राखेत प्रामुख्याने सिलिका असते. कोंबडीच्या खवलेदार पायांना ते चालते, गिनीपिगच्या उघड्या तळव्यांना खुपते. शिवाय ते पाणी फारसे शोषत नाही.

*उसाचे चिपाड :* शोषणक्षमता उत्तम. पण उरलेल्या साखरेमुळे ते ओलाव्यात लवकर बुरशीते. साठवलेल्या बुरसट चिपाडाच्या धुळीमुळे कामगारांना होणारा बॅगॅसोसिस हा फुप्फुसाचा विकार परिचित आहे. तीच धूळ पिंजऱ्यात नको.

*भुईमुगाची टरफले :* यांवर अफ्लाटॉक्सिन निर्माण करणारी बुरशी वाढू शकते आणि गिनीपिग या विषास अत्यंत संवेदनशील आहे. हा पर्याय सोडून द्यावा.

*गव्हाचे काड :* अखंड काड ओलावा कमी शोषते आणि त्याची टोके डोळ्यांना इजा करतात. बारीक भुश्शात धूळ अधिक असते. चाळून, धूळ काढून, वरच्या थरात थोडेसे वापरता येते.

*पॉपलरचे लाकूड :* पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेतकरी याची लागवड करतात. याच प्रजातीगटातील ॲस्पेन प्रयोगशाळांतील प्राण्यांच्या गादीसाठी वापरला जातो. डिंक लावण्यापूर्वी, रंधा मारताना निघणारे त्याचे पातळ काप वाळवून घेतल्यास उत्तम गादी मिळते. करवतीचा बारीक भुसा मात्र घेऊ नये. तो नाकात व गुप्तांगाच्या घड्यांत अडकतो.

पॉपलर न मिळणाऱ्या भागात साध्या, चकचकीत नसलेल्या कागदाच्या पट्ट्या वापराव्यात किंवा धुतलेले जाड सुती कापड रोज झटकून, दर तीन दिवसांनी बदलावे.

किडी काय सांगतात

गादीत दिसणारी प्रत्येक कीड प्राण्याची शत्रू नसते. पुष्कळदा ती ओलाव्याची साक्षीदार असते. जुन्या पुस्तकांत आढळणारे फिकट, सूक्ष्म किडे किंवा साठवणुकीतील पांढरट कोळी गवतात दिसले, तर ते रक्त पीत नाहीत, बुरशीवर जगतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या खाली राहिली, की त्यांची वाढ खुंटते. त्यांच्यावर फवारणी करणे म्हणजे साक्षीदाराला शिक्षा करणे होय. उपाय ओलाव्यावर हवा.

खरजेचा कोळी, ट्रिक्सॅकॅरस केव्हिए, हा मात्र खरा परजीवी आहे. तो त्वचेत बोगदे करतो. खाज इतकी तीव्र असते, की प्राण्याला झटके येतात. येथे गादी बदलणे आवश्यक असते, पण पुरेसे नसते. पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत.

तिसरा धोका माश्यांचा. उन्हाळी तापमानात घरमाशीची अंडी दिवसभरात उबतात आणि अंड्यापासून माशीपर्यंतचे जीवनचक्र सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. गादी दर तीन दिवसांनी पूर्ण बदलली, तर अळी कोषावस्थेस पोहोचण्यापूर्वीच बाहेर पडते. पावसाळ्यात हिरव्या-निळ्या चमकदार माश्या मूत्राने भिजलेल्या केसांत अंडी घालतात व अळ्या जिवंत मांस खाऊ लागतात. या दिवसांत प्राण्याचा मागचा भाग रोज पाहावा. एका दिवसाचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

या साऱ्यांवर पिकांची किंवा धान्यसाठ्याची कीटकनाशके, डांबराच्या गोळ्या, चुना अथवा राख यांपैकी काहीही पिंजऱ्यात वापरू नये. विषारी द्रव्ये श्वासावाटे, त्वचेवाटे आणि कुरतडण्यातून शरीरात जातात; चुना तळवे भाजतो. येथे खरे कीडनियंत्रण वेळापत्रकानेच होते.

व्यवहारातील पद्धत

१. तळाशी वर्तमानपत्राचे काही थर व त्यावर ५ ते ७ सेंटिमीटर जाडीची गादी ठेवावी. तारेची जाळी तळाला नसावी.

२. ओला कोपरा रोज काढावा. संपूर्ण गादी तीन दिवसांनी बदलावी. काढलेली गादी पिंजऱ्याजवळ ठेवू नये.

३. खरेदीपूर्वी मूठभर साहित्य उन्हाच्या तिरिपेत झटकावे. धुळीचा लोट दिसल्यास घेऊ नये.

४. वापरापूर्वी एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिकखाली पातळ थर तापवावा. थराचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर तासभर टिकल्यास बहुतेक साठवण-किडी व कोळी मरतात. पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या, झाकणाच्या डब्यात साठवावे.

५. गुडघे टेकून नाक गादीजवळ न्यावे. आपल्याला अमोनियाचा वास आला, तर प्राणी तो आधीपासूनच सोसत आहे, असे समजावे.

काढलेली गादी कंपोस्टसाठी उपयुक्त ठरते. मात्र प्राण्यास आयव्हरमेक्टिन दिले असल्यास त्या काळातील गादी गांडूळखतात किंवा शेणखतात मिसळू नये. विष्ठेतील त्याचे अंश शेणकिड्यांसारख्या उपकारक जिवांना मारक ठरतात.

गिनीपिग आपली तक्रार बोलून दाखवत नाही. आजारही तो बराच काळ लपवतो. त्याची गादी मात्र बोलते. ती कोरडी आहे का, धूळ उडते का आणि तिच्यात कोण राहावयास आले आहे, हे तीन प्रश्न पाळणाऱ्याने दररोज स्वतःला विचारावेत आणि विस्तार कार्यकर्त्यांनी ते घरोघरी पोहोचवावेत.