सेवेचा धडा घरातच मिळतो

पर्युषण आटोपले की क्षमापनेसाठी पूर्वी माणसे घरोघरी जात. मोठ्यांच्या पायांवर डोके ठेवून वर्षभरातील चुकांची क्षमा मागितली जाई. आता भ्रमणध्वनीवरून एकच सुबक संदेश शंभर जणांना जातो आणि त्या शंभरांत आजोबाही असतात. मग वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘या मुलांना कर्तव्याची जाणीवच उरली नाही.’ ही तक्रार समजण्याजोगी असली तरी अपुरी आहे. कर्तव्याची जाणीव कशाने घडते आणि कशाने झिजते, याचा विचार तिच्यात नाही.

प्रथम बदललेली परिस्थिती पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीपर्यंत आले आहे. बालमृत्यू घटले हे त्याचे मोठे कारण असले, तरी वार्धक्यही लांबले आहे. २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. दुसरीकडे भावंडे कमी झाली. चौघांत वाटली जाणारी सेवा आता एका मुलावर किंवा मुलीवर येते. आई-वडील सांगली-कोल्हापूरकडच्या गावात आणि नोकरी पुण्यात किंवा परदेशात, अशी अनेक घरांची स्थिती आहे. म्हणून अंतराला अनास्था समजण्याची घाई करू नये.

परंतु परिस्थिती सारखी असूनही दोन घरांतील मुले वेगळी का वागतात? याचे उत्तर बहुधा त्यांच्या बालपणात सापडते. मूल उपदेशापेक्षा पाहण्यातून अधिक शिकते. आई-वडील आजीशी कोणत्या स्वरात बोलतात, तिचा तोच प्रश्न तिसऱ्यांदा आल्यावर काय उत्तर देतात, हे ते टिपत असते. आणि पाहण्याहूनही करण्यातून ते अधिक शिकते.

माझ्या परिचयातील एका घरी आजींचा चौविहार असे. मुलगा-सून दोघेही नोकरीला. सूर्यास्तापूर्वी परतणे अशक्य. आजींसाठी पाणी उकळून ठेवणे आणि दिवस मावळण्याआधी त्यांचे ताट वाढणे, हे काम नातवाकडे आले. ‘त्याचे दहावीचे वर्ष आहे, त्याला कशाला गुंतवता?’ असे नातलगांनी सुनावले. मुलगाही आरंभी कुरकुरला. शिकवणीची वेळ बदलावी लागली. पुढे आजी आजारी पडल्या. कोणती गोळी जेवणाआधी घ्यायची, कोणत्या बाजूने त्यांना घास चावत नाही, हे डॉक्टरांना नातवाने सांगितले. त्यांच्या स्वतःच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. अभ्यासाच्या नावाखाली आपण मुलांना घरातील प्रत्येक जबाबदारीतून मुक्त करतो आणि ती मोठी झाल्यावर जबाबदारीची अपेक्षा धरतो, ही विसंगती त्या दिवशी मला प्रथम जाणवली.

आणखी एक सत्य मान्य करायला हवे. पुष्कळ घरांत कर्तव्य मुलाचे म्हटले जाते आणि कष्ट मात्र सून उपसते. तिच्या माहेरच्या आई-वडिलांची आठवण कोणी काढत नाही. अशा घरातील मुलगा सेवेचे कौतुक करायला शिकतो, सेवा करायला नव्हे. आणि मुलगी सेवेचा धसका घेते. तसेच, सदैव तुलना, टोमणे आणि संपत्तीच्या वाटणीची टांगती तलवार असेल, तर कर्तव्य उरते; पण त्यातील ओलावा आटतो. वडीलधाऱ्यांच्या वागण्याचाही यात वाटा असतो.

कायद्याने काय साधते? माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. त्यात मुलासह मुलगी आणि सज्ञान नातवंडेही उत्तरदायी आहेत. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूदही आहे. निराधारांना हा आधार मोलाचा आहे. परंतु कायदा रक्कम ठरवू शकतो. उशाशी बसून चौकशी करायला लावू शकत नाही.

त्यासाठी आपल्या परंपरेकडे वळावे लागते. वैयावृत्य, म्हणजे सेवा, हिची गणना जैन दर्शनाने आभ्यंतर तपांत केली आहे. उपवासाइतकीच ती साधना आहे. स्थानांग सूत्राने आई-वडिलांचे ऋण फेडण्यास अत्यंत कठीण मानले आहे. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात अशी कथा येते की, मातेला त्रास होऊ नये म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले. पण त्यामुळेच त्रिशलामाता शोकाकुल झाली. तिचे वात्सल्य जाणून त्यांनी आई-वडील हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प केला. येथे कर्तव्य आज्ञेतून आलेले नाही. दुसऱ्याचे दुःख जाणवल्यातून आले आहे.

तरुणांच्या मनातही ते याच वाटेने येते. म्हणून आजोबांची औषधे, त्यांना देवदर्शनाला नेणे, आजीच्या बँकेचे काम, यांतील एखादी गोष्ट प्रत्येक मुला-मुलीकडे नेमाने सोपवावी. दूर राहणाऱ्याने ठरल्या वेळी, सवडीने फोन करावा. आणि यंदाच्या क्षमापनेला संदेश पाठवण्याआधी आई-वडिलांनी मुलांना सोबत घेऊन आजी-आजोबांपुढे स्वतः वाकावे. मुले ते पाहत असतील.