गिनी घ्या, व्हर्नियर काढा!

चिखलात कमळ उगवतं. चिखलीत मात्र थेट सोनं निघालं!

मार्च २०२१. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखलीत बांधकामाच्या खोदकामात सापडलेली मुघलकालीन सोन्याची नाणी ताब्यात घेतली. किती? २१६! एकूण वजन २,३५७ ग्रॅम.

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. २,३५७ भागिले २१६. उत्तर आलं ना, १०.९ ग्रॅम? मुघल मोहरेचं वजन अगदी तेवढंच! नाणं हातात न घेता नुसत्या भागाकारानं ओळख पटली.

माहीत आहे का? १८७८ चा गुप्तनिधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. १० रुपये! त्यात आज वडापावसुद्धा येत नाही.

पण जमीन कशाला खणायची? कपाट उघडा. आजीच्या डब्यात राजाचा मुखडा आणि मागे घोड्यावरचा वीर असलेलं नाणं आहे? हीच ती गिनी, इंग्लंडचं सॉव्हरिन. आणि हिची पारख करायला चाकण-भोसरीकरांइतकं तयार कुणीच नाही, कारण व्हर्नियर तुमच्या खिशातच असतो! व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी साधारण १.५२, वजन ७.९८८ ग्रॅम. इन्स्पेक्शनला बसल्यासारखं मोजा. व्यास बरोबर आणि वजन अर्धा ग्रॅम कमी? पीस रिजेक्ट!

माहीत आहे का? आपल्या हॉलमार्कवरचा तो लाडका ९१६ आकडा गिनीतही आहे. १८१७ पासून सॉव्हरिन २२ कॅरेटचंच. म्हणून हिशेब एका ओळीत उरकतो: २२ कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव गुणिले ८, किंचित कमी. एवढ्याला ती वितळवायलाही परवडते. त्याच्या खाली विकू नका, प्लीज!

चाकणला जर्मन गाड्या बनतात, तर जर्मन नाणं का मागे राहावं? कैसरच्या काळातलं २० मार्क वजनाला ७.९६५ ग्रॅम, म्हणजे गिनीची जुळी बहीणच. पण शुद्धता ९००, म्हणून सोनं दीडशे मिलिग्रॅम कमी. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड यांनी तर १८६५ मध्ये करारच केला: २० फ्रँक असो वा २० लिरा, वजन ६.४५ ग्रॅम, शुद्धता ९००. युरोच्या आधीचा युरो!

आता खरी गंमत. भिंग आहे का घरात? गिनीवर घोड्याच्या टापांखाली, सालाच्या वर बघा. बारीकसं एखादं अक्षर दिसेल. एस म्हणजे सिडनी, एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ. आणि आय? आय म्हणजे इंडिया! १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. फक्त त्या एकाच साली! २०१३ पासून आय अक्षराची सॉव्हरिन पुन्हा भारतात पाडली जाऊ लागली, पण १९१८ ची ऐट न्यारीच.

आणि अक्षरच नसेल तर? साल १९१७ असेल तर श्वास रोखा! लंडनमध्ये त्या वर्षी दहा लाखांवर गिन्या पडल्या, पण त्यातल्या बहुतेक वितळल्या, आणि आज लंडनची १९१७ दुर्मीळ मानली जाते. पर्थची १९१७ मात्र सहज मिळते. सोनं तेच, साल तेच, किमतीत मोठं अंतर, आणि सगळा खेळ एका नसलेल्या अक्षराचा. म्हणूनच या सालाच्या नकलाही फिरतात. सांभाळून!

रेकॉर्ड ऐकायचंय? वर्षभरही राज्य न केलेल्या आठव्या एडवर्डचं सॉव्हरिन २०२० मध्ये १० लाख पौंडांना गेलं. आतलं सोनं? तुमच्या गिनीइतकंच.

आता पुतळ्यांच्या माळेकडे वळू, कारण हा माझा सगळ्यात आवडता विषय. मराठी घरात लग्नात मिरवणारी ही माळ मुळात थेट व्हेनिसची आहे! १२८४ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसनं डुकाट पाडले. साडेतीन ग्रॅम, जवळपास २४ कॅरेट, आणि पाच शतकं वजन-कसाला धक्का नाही. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसरीकडे ताऱ्यांच्या वलयात येशू. व्यापाऱ्यांबरोबर हे नाणं पश्चिम किनाऱ्यावर आलं आणि आपल्या सोनारांना इतकं भावलं की त्यांनी स्वतःच ते घडवायला घेतलं. अस्सल की नक्कल, कसं ओळखाल? कडेची अक्षरं पाहा. लॅटिन न येणाऱ्या कारागिरानं अक्षरांची नुसती नक्षी करून टाकली आहे! पण अशा पुतळीला खोटी म्हणून हिणवू नका. सोनं चोख असू शकतं, आणि कारागिरी आपल्या मातीतली.

एक कळकळीची विनंती: नाण्याला कडी झाळू नका, पॉलिशला देऊ नका. सोनाराकडे भाव तोच राहील, पण संग्राहक कडीचा डाग पाहूनच किंमत उतरवतो.

माहीत आहे का? टंगस्टनची घनता १९.२५ आणि शुद्ध सोन्याची १९.३! तुमच्या सीएनसीच्या कार्बाइड इन्सर्टमधलाच हा धातू, म्हणून ठकसेनांचा लाडका. गिनीची घनता मात्र १७.५ च्या आसपास. डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्य करा, दोऱ्यानं नाणं पाण्यात अधांतरी सोडा. आकडा ०.४६ ग्रॅमच्या जवळ आला की पेढे वाटा! पितळी असेल तर त्याच वजनाला दुप्पट आकडा येतो.

भाचा स्टुटगार्टला निघालाय आणि त्याच्या हातावर आजीची गिनी ठेवायची आहे? थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही.

त्यात ऑस्ट्रियाची मजा बघा. तिथल्या डुकाटवर साल असतं १९१५, पण व्हिएन्नाची टांकसाळ तेच जुनं साल घालून ही नाणी आजही पाडते. साल शंभरी ओलांडलेलं, नाणं कदाचित तुमच्या पोरापेक्षाही लहान!